एक कात्री कमी

भूगोलाच्या बाईंना मुलं पाठीमागे ‘दुर्बीण’ म्हणत, आणि ते बाईंना ठाऊक होतं. बावीस वर्षांत त्यांनी खडूचा तुकडासुद्धा मोजल्याशिवाय कुणाला दिला नव्हता. पण सातवीला जगाचा व्यापार शिकवावा तो त्यांनीच! बाकं जोडून देश करायचे. एका देशाला तीन कात्र्या आणि दोनच कागद. दुसऱ्याला कागदांचा गठ्ठा, पण कात्री एकही नाही. त्रिकोण, चौकोन कापून बाईंच्या टेबलावरच्या बाजारात आणायचे. कात्री हवी असेल तर शेजारच्या देशाशी सौदा करायचा.

यंदा मात्र बाईंच्या मनात पाल चुकचुकली. बिनकात्रीचा देश कुणाशी सौदाच करत नव्हता आणि त्याचे त्रिकोण तर धडाधड येत होते. कडाही सरळसोट. त्या बाकावर पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरची मुलगी मान खाली घालून बसली होती, हात बाकाखाली.

तेवढ्यात तीन कात्र्यांच्या श्रीमंत देशातून ओरड आली, “बाई, आमची एक कात्री गेली!”

झालं! बाई तडक बाइंडरच्या मुलीपाशी.

“काढ.”

“काय, बाई?”

“साळसूदपणा पुरे. कात्री काढ.”

मुलीने हात बाकाखालीच ठेवले. चोरी सापडली की या शाळेत पटावरून नाव जातं, हे दोघींनाही माहीत होतं. हात वर येत नाहीत म्हटल्यावर बाईंची खात्रीच पटली. त्यांनी दप्तर उचललं आणि जमिनीवर उपडं केलं. वह्या, डबा, तुटकी पट्टी. कात्री नाही.

मग मुलीने हात वर घेतले. बोटांना दुपदरी दोरा गुंडाळलेला, फ्रॉकच्या दुमडीतून उसवून काढलेला. तिने कागदाची घडी घातली, घडीवर नख फिरवलं आणि आत दोरा घालून सर्रकन ओढला.

“सुरी बोथट झाली की बाबा असंच करतात.”

हरवलेली कात्री श्रीमंत देशाच्याच कपट्यांखाली निघाली. तिथे शोधायचं बाईंच्या मनातही आलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुमच्या देशाला पैकीच्या पैकी गुण,” त्या घाईघाईने म्हणाल्या.

मुलीने मान हलवली. “गुण नकोत, बाई. दप्तर भरून द्या.”

बाई जमिनीवर बसल्या आणि एकेक वही उचलून आत ठेवू लागल्या.