तळेगावातले शनिवार

मुलुंडचं घर विकून आम्ही तळेगावला राहायला जाणार हे ठरलं, तेव्हा माझ्या नणंदेने एकच प्रश्न विचारला, "तिथे दिवसभर करणार काय तुम्ही?" तिचं घर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर होतं आणि इतक्या वर्षांत राखीपौर्णिमा सोडली तर ती आमच्याकडे फिरकली नव्हती. वेळच मिळत नाही, म्हणायची.

नवऱ्याला दम्याचा त्रास. बँकेतून निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी त्याला जरा मोकळ्या हवेत राहायला सांगितलं. त्यांना बहुधा सकाळी बागेत फिरणं अभिप्रेत असावं. नवऱ्याने जिल्हाच बदलला.

तळेगावात आल्यावर तो रोज गॅलरीत उभा राहून असा श्वास घ्यायचा, की जणू कुणी हजेरीच घेत आहे. पण हवा खरोखर चांगली होती, खोटं कशाला बोलू. त्याचा पंप कपाटात पडून राहू लागला. वांग्याला वांग्याची चव लागू लागली. त्याबदल्यात गुरुवारी वीज नसे. प्लंबर 'आलोच' म्हणायचा आणि परवा उगवायचा. मोठ्या डॉक्टरकडे जायचं तर चिंचवड गाठावं लागे. म्हणजे आजारी पडायची सोय गावात होती, बरं व्हायची नव्हती. आमच्या सोसायटीत निम्मे लोक मुंबईचे. ते संध्याकाळी खाली बसून मुंबईला नावं ठेवत आणि घरी जाऊन मुंबईच्या बातम्या बघत.

मग पावसाळा लागला आणि नणंदेला आमची आठवण येऊ लागली.

पहिल्या शनिवारी ती, तिचे यजमान आणि यजमानांचा भाऊ सहकुटुंब आले. लोणावळ्याला धबधबा बघायचा होता, वाटेत आमचं घर लागत होतं. नकाशात लोणावळा आमच्या अलीकडे आहे, मुंबईहून येणाऱ्याला वाटेत आम्ही लागत नाही, हे मी बोलले नाही. दुसऱ्या शनिवारी चुलत सासरे आले. मग नवऱ्याच्या बँकेतले लोक, त्यांची शेजारीण, शेजारणीची बहीण. सगळे ओल्या बुटांनी यायचे, गॅलरीत उभे राहून 'काय हवा आहे' म्हणायचे आणि चहा मागायचे. हवेचं श्रेय नवरा घ्यायचा, चहा मी करायचे.

सुदुंबऱ्याहून येऊन आमच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशी माझी पिशवी बघत असत. एकदा कणसांचा ढीग भरताना त्यांनी विचारलं, "ताई, लय पावनं येत्यात तुमच्याकडं. लॉज काढलंय का?"

मी न्हाई म्हटलं. त्यांच्या बोलण्याची मला सवय लागली होती.

"मंग काडा की," त्या म्हणाल्या. "फुकटच्यापरीस बरं."

ही गोष्ट मी घरी सांगितली. नवरा हसला नाही. आदल्याच शनिवारी आमच्याकडून लोणावळ्याला निघालेली नणंदेची गाडी कामशेतजवळ गर्दीत अडकून परत फिरली होती आणि घरात शिरताच ती त्याच्यावर चिडली होती. इथे राहतोस आणि रस्त्यावर गर्दी आहे एवढं आधी कळवता येत नाही, असं तिचं म्हणणं. मग सगळे आमच्या पलंगांवर आडवे झाले आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात खुर्च्यांवर बसून राहिलो.

पुढच्या शुक्रवारी तिचा नेहमीप्रमाणे फोन आला. नवरा म्हणाला, "ताई, तुम्ही या. चावी शेजारी ठेवतो. आम्हीच नाही आहोत, मुंबईत काम आहे." आणि जराही न अडखळता त्याने विचारलं, "तुझ्याकडे उतरलो तर चालेल ना?"

ती नाही कशी म्हणणार?

तो शनिवार मी विसरणार नाही. सगळी मुंबई आमच्या तालुक्यात आली होती, त्यामुळे मुलुंड रिकामं होतं. नणंदेच्या दिवाणखान्यात पंखा न थांबता फिरत होता. वाण्याला फोन केला तर सामान दारात. खालीच डॉक्टर, शेजारी औषधांचं दुकान. दुपारी आम्ही दोघं पडदे ओढून गाढ झोपलो. उठल्यावर नवरा म्हणाला, "काय शांतता आहे." मग माझ्याकडे न बघता चहा टाकायला गेला.

तेवढ्यात नणंदेचा फोन. वीज सकाळपासून गेलेली, त्यामुळे टाकीत पाणी चढलेलं नाही, गर्दीत गाडी नको म्हणून लोकलने जावं, तर रिक्षावाला स्टेशनपर्यंतचं भाडं तोंडाला येईल ते सांगतो. "तुम्ही राहता कसे इथे?" तिने विचारलं.

"सवय होते," मी म्हणाले. मला फार समाधान वाटलं.

त्यानंतर नणंद आली नाही. तळेगावात ना वीज ना पाणी, हे तिने साऱ्या नातेवाइकांना इतकं मनापासून सांगितलं की एकेक करून सगळ्यांचंच येणं बंद झालं. सुरुवातीचे शनिवार आम्ही पाय पसरून घालवले. नंतर मात्र नवरा शनिवारी सकाळपासून घरात येरझाऱ्या घालू लागला. भाजी आणायला गेला की दोघांना न संपणारी कणसं घेऊन यायचा. हवेबद्दल बोलायला त्याला कुणी नव्हतं. माझं ऐकून झालं होतं. शेवटी त्यानेच बहिणीला फोन केला. वीज आता कधीच जात नाही, असं तो म्हणाला. मी पदर तोंडाला लावून आत गेले.

नणंद आली, पण बुधवारी, आणि दोघंच. कुठे जायचं विचारलं तर म्हणाली, तुम्ही न्याल तिकडे. तेव्हा लक्षात आलं, की इतके दिवस इथे राहून आम्ही स्वतः कुठेच गेलो नव्हतो. मग आम्ही त्यांच्या गाडीतून पवना धरणाच्या रस्त्याला गेलो. रस्ता मोकळा होता. खाली उतरलो तर चारी बाजूंनी धुकं, स्वतःचे पायही नीट दिसेनात. नवरा हात लांब करून इकडे तुंगचा किल्ला, तिकडे तिकोन्याचा, असं सांगू लागला. तिकोन्याच्या जागेतून दुधाचा टेम्पो आला आणि हॉर्न वाजवत निघून गेला. नणंदेने भावाकडे बघितलं, आणि मान डोलावून म्हणाली, "छान आहे रे."