वळणावरची सत्यवचनी मावशी

धक्क्यावरून वर येणाऱ्या रस्त्याच्या पहिल्याच वळणावर मावशीची फळांची टपरी होती. चार बांबू, वर निळी ताडपत्री, खाली उलटे घातलेले खोके. बेटावर सगळे तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे सत्यवचनी. त्यात कौतुक कमी, कीव जास्त. रस्त्यापलीकडे तिच्या सख्ख्या नणंदेची टपरी. फळं दोघींची एकच, समुद्रापलीकडून होडीने येणारी. बेटावरच्या बागा तोडून तिथे पाहुण्यांसाठी खोल्या कधीच बांधून झाल्या होत्या.

एका सकाळी टोपीवर गॉगल चढवलेला एक जाणकार बायकोसह आला. त्याच्याच होडीतून मावशीचे अननसही आले होते; वाटेत ओळख झाली नव्हती इतकंच. त्याने एक अननस उचलून डोळे मिटून हुंगला.

"हा वास शहरात मिळायचा नाही. इथली मातीच वेगळी," तो बायकोला म्हणाला.

"शहरातूनच आलाय साहेब. आत्ताच उतरवला," मावशी म्हणाली.

त्याने अननस चटका बसल्यासारखा खाली ठेवला. "प्रामाणिक आहेत बिचाऱ्या," म्हणत तो रस्ता ओलांडून गेला.

पलीकडे नणंद तयारच होती. "आमच्या आईने लावलेल्या झाडाचा आहे हो."

अननसाचं झाड! जाणकाराने गहिवरून मान डोलावली आणि चार घेतले. मावशी बघत राहिली. सासूबाईंनी उभ्या जन्मात सुनेला कामाला लावलं होतं, झाड एकही लावलं नव्हतं.

घरी नवरा जाळं विणत बसला होता. "तूही सांग की तसं. जीभ झिजते का?"

दुसऱ्या दिवशी तिने प्रयत्न केला. "आमच्याच बागे..." इथवर आली आणि असा ठसका लागला, की गिऱ्हाईक तोंडाला रुमाल लावून निघून गेलं. मग तिने परसातले पेरू आणून मांडले. त्यांच्याबद्दल तरी बेधडक बोलता येणार होतं.

"इथलेच आहेत बाई. माझ्या दारचे."

टपरीवर आलेल्या एका पाहुण्या बाईंनी एक डागाळलेला पेरू दोन बोटांत धरून पाहिला. "इथले असे नसतात. बाहेरचा माल दिसतोय," म्हणाल्या, आणि एक गुळगुळीत पपई उचलली. "ही बघा. ही इथली ना?"

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. ठसका आला नाही.

"तुम्हाला कुठली हवीय?"

"इथलीच."

"मग घ्या की."

बाई खूश होऊन गेल्या. पलीकडून नणंद म्हणाली, "शिकलीस हो वहिनी."

बावीस वर्षांत नणंदेने केलेलं हे पहिलं कौतुक. मावशीला ते मुळीच आवडलं नाही. उरलेल्या पपया मात्र तिने एकेक फिरवून, व्यापाऱ्याचा स्टिकर खाली जाईल अशा ठेवल्या.