कच्ची गाठ

तिला सगळे गाठवाली म्हणत. खरं नाव फक्त हजेरीत होतं, आणि मुकादमानं ते पुकारलं की तिला स्वतःलाच क्षणभर वाटायचं, ही कोण नवी बाई आली कामावर?

ती काम करायची त्या लाँड्रीत मोठ्या इस्पितळाच्या चादरी यायच्या. धुऊन, पिळून निघालेली चादर दोघी बायकांनी दोन कोपरे धरून तापलेल्या रोलरच्या तोंडाशी द्यायची आणि पलीकडे उभ्या असलेल्या दोघींनी ती कोरडी, कडक, वाफाळती बाहेर ओढून घ्यायची. ऐकायला सोपं वाटतं. पण रोलरनं कापडाचं टोक एकदा धरलं की धरलं. तो काय धरतोय ते बघत नसे. त्याच्यापुढे उभं राहणं म्हणजे रोज वाघाला हातानं घास भरवणं, आणि रोज भरवला म्हणून वाघ काही मांजर होत नाही.

गाठवाली नवी असतानाची गोष्ट. घास भरवायच्या बाजूला एक जुनी, प्रेमळ बाई असायची. नव्या पोरींना आपल्या डब्यातलं अर्धं देणारी. तिच्या मनगटात एक पितळी कडं होतं, आईनं दिलेलं. एके सकाळी चादरीची फाटकी शिवण त्या कड्यात अडकली. गाठवाली पलीकडच्या बाजूला उभी होती. चादर नेहमीसारखी बाहेर आली, तिनं नेहमीसारखी धरली, आणि धरल्यावर तिला कळलं की चादर ओली आहे, आणि पाण्यानं नाही.

त्या दिवसापासून मनगटं उघडी. बांगडी नाही, घड्याळ नाही, अंगठीसुद्धा नाही. कुणी विसरली तर मुकादम काही बोलायचा नाही, नुसता दाराकडे बोट करायचा.

आता दोऱ्याच्या कड्यांचं सांगायला हवं. गाठवालीला रिकामे हात सोसायचे नाहीत. घरी खिडकीच्या कडीला रंगीत सुताचे पदर अडकवायची आणि गाठीवर गाठ, तिरपी ओळ, उलटी ओळ, असं विणत बसायची. जिच्यासाठी विणायची तिच्या स्वभावाचे रंग घ्यायची. लांबी नावाची तिची उंच मैत्रीण होती, खालच्या मजल्यावर राहणारी, कधी आवाज न चढवणारी. तिच्यासाठी मातकट आणि फिका पिवळा. टकळी या दुसऱ्या मैत्रिणीसाठी मात्र लाल, हिरवा, निळा, सगळेच, कारण टकळीची जीभही कधी एका रंगावर थांबली नाही.

पण ती कडी घालायची कुठे? मनगटावर तर बंदी. तेव्हा गाठवालीनं एक युक्ती काढली. कडं पुरं झालं की ती एका जागी त्याचे सगळेच्या सगळे पदर तोडायची आणि तिथं एकाच बारीक सुती धाग्याचा जोड द्यायची. वरून दिसायचं नाही, पण झटका बसला की कडं नेमकं तिथंच तुटायचं. तिला ती कच्ची गाठ म्हणायची. प्रत्येक कडं आधी दाराच्या मुठीला अडकवून ती झटका द्यायची. तुटलं तर पास. मग पुन्हा जोड देऊन मैत्रिणीला. न तुटलं तर केरात, मग वीण कितीही सुरेख असो. मुकादमासमोरही तिनं असंच एक तोडून दाखवलं होतं. त्यानं दुसरं मागून घेतलं, स्वतःच्या हातानं तोडलं आणि म्हणाला, "गाठवालीचं असेल तर चालेल. दुसऱ्या कुणाचं दिसलं तर याद राखा."

बाईला आयुष्यात मानाची शाल एकदाच मिळाली म्हणा ना. ती ही.

तुटणारं कडं म्हटल्यावर ते तुटायचंच. कोट काढताना, पोराला उचलताना, कधी झोपेत. लांबी जपून वागायची, तिचं टिकायचं. टकळी दोन्ही हात हलवल्याशिवाय नमस्कारसुद्धा करू शकत नसे, तिचं महिना काढायचं नाही. एकदा डबे खाताना तिनं सगळ्यांसमोर विषय काढला.

"हिची मैत्री म्हणजे साबणाचा फेस. दिसायला डोंगर, फुंकर मारली की खलास."

"तूच धसमुसळी," लांबी म्हणाली.

"मी धसमुसळी, आणि तू राजकन्या. म्हणून तुझं टिकतं. आम्ही काय सावत्र आहोत का गं, गाठवाले?"

सगळ्या हसल्या. गाठवालीही हसली. पण घास फिरत राहिला तोंडात. टकळीच्या तिन्ही बाळंतपणांत ही उशाशी बसलेली, आणि हिच्या सासूच्या दुखण्यात टकळीनं रात्री जागवलेल्या. आणि आता सावत्र? थट्टाच होती ती. पण थट्टेतला काटा निघत नाही, कारण काटा आहे हे कबूलच करता येत नाही.

गाठवालीचा नवरा बॅगा दुरुस्त करायचा. बॅगेच्या मुठी शिवायला त्याच्याकडे नायलॉनचा दोरा होता, केसाहून थोडा जाड, जवळजवळ न दिसणारा. त्या आठवड्यात तिनं त्यातला थोडा मागून घेतला.

"कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"असाच."

"जपून. हा दोरा तुटत नाही, ज्याला बांधला ते तुटतं."

तिनं तो दोरा मध्ये घेऊन वरून रंगीत सूत विणलं. कच्ची गाठ ठेवली नाही. दाराच्या मुठीला अडकवलंसुद्धा नाही, कारण काय होणार ते ठाऊक होतं. टकळीचा खांदा धरला होता म्हणून मुकादमानं तिला घड्यांच्या टेबलावर दिलं होतं. तिथं ना रोलर ना वाफ. टेबल काय हात खातं? असा सगळा विचार करूनच तिनं ते केलं. अगदीच आंधळेपणानं केलं असं कुणी म्हणू नये.

त्या दिवशी गाठवालीची सकाळची पाळी संपली आणि टकळी दुपारच्या पाळीला आली. कोट टांगायच्या खुंट्यांपाशी गाठवालीनं तिच्या मनगटात कडं बांधलं. "घे, आता तोडून दाखव," एवढंच म्हणाली. टकळीनं ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि नवल म्हणजे काहीच बोलली नाही. तिच्या गालाला गाल लावला आणि आत गेली.

गाठवाली तरंगतच घरी आली. सासूबाईंना वाढलं, भांडी घासायला घेतली. तेवढ्यात लांबी दारात आली. तिला मागचं आवरून निघायला नेहमी उशीर व्हायचा.

"रोलरवरच्या ठेंगीला ताप भरलाय," लांबी म्हणाली. "उभंही राहवेना. मुकादमानं घरी पाठवली."

"मग रोलरवर कोण?"

"टकळी. दुसरी कोण? खांदा बरा आहे म्हणाली."

गाठवालीच्या हातातलं पातेलं परातीत पडलं. सासूबाईंना कमी ऐकू येई, पण त्यांनीही मान वर केली.

"ती कडं काढेल," गाठवाली म्हणाली. "रोलरवर जाताना काढतात."

"तुझं कशाला काढेल?" लांबी साधेपणानं म्हणाली. "तुझं तर तुटतं ना."

त्यानंतर गाठवालीला काही ऐकू आलं नाही. टकळी ते काढणार नव्हती. मुकादमही काढ म्हणणार नव्हता. का? तर ते गाठवालीचं होतं. इतक्या वर्षांत कमावलेला विश्वास, तोच आता टकळीचा हात धरून रोलरच्या तोंडाशी उभा होता.

ती ओल्या हातांनीच जिना उतरली. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे फोन होता. तिनं लाँड्रीचा नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजत राहिली. ड्रायर चालू असले की ऑफिसातली घंटा ऑफिसातसुद्धा ऐकू येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी ती रिसीव्हर कानाशी धरून उभी राहिली, आणि मग फोन तसाच लोंबकळता टाकून पळत सुटली.

किती वेळा चाललेला रस्ता. त्या दिवशी प्रत्येक गोष्ट आडवी आली. शाळा सुटलेली, पोरांचा लोंढा समोरून. पुलावर हातगाडी अडकलेली आणि दोन माणसं शांतपणे त्या गाडीकडे बघत उभी. चपलेचा अंगठा तुटला, तिनं चपला तिथंच सोडल्या. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं. चादर बाहेर येतेय आणि आपण ती धरतोय. ती मान झटकून ते चित्र पुसायची, आणि पुढच्या पावलाला ते पुन्हा यायचं, आणखी ओलं होऊन.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं काठी आडवी धरली. "पाळी संपली ना बाई तुमची? चपला कुठंयत?"

"दादा, सोडा."

"कार्ड दाखवा मग सोडतो. नियम मी केलाय का?"

ती काठीखालून वाकून आत गेली. "अहो बाई, अहो," तो मागून म्हणत राहिला.

आत वाफ, आणि त्या वाफेतून टकळीचा आवाज. आवाज येतोय म्हणजे हात आहे, असं गाठवालीला वाटलं. टकळी रोलरपुढे उभी होती. चादर पसरायची, कोपरा जुळवायचा, तोंडाशी न्यायचा, सोडायचा. आणि मान वळवून शेजारणीशी बोलणं चालूच. बाहीखालून लाल-हिरवं कडं डोकावत होतं. इस्पितळाच्या जुन्या चादरी त्या. कुठं सुटलेली शिवण, कुठं लोंबता दोरा. प्रत्येक चादर गेली की गाठवालीचा श्वास तिच्याबरोबर आत जायचा.

ओरडावं तर ओरडता येत नव्हतं. रोलरपुढच्या माणसाला हाक मारायची नाही, हे तिथं पहिल्या दिवशी शिकवत. दचकलेला हात पुढेच जातो. बंद करायचं बटण होतं भिंतीवर, पलीकडच्या टोकाला. तेवढं अंतर ती चालली. पळाली नाही. पळणारी बाई बघून टकळी वळली असती. घरच्या दिवाणखान्यातून चालावं तशी चालली, आणि चालता चालता ओठ दातांखाली इतका धरला की रक्ताची चव आली.

तिनं बटण दाबलं.

रोलर थांबला. आत अडकलेली चादर करपायला लागली, जळका वास पसरला. मुकादम धावत आला.

"कुणी केलं हे? तू? तुझी पाळी तरी आहे का?"

"तिचं कडं काढा," गाठवाली म्हणाली. आवाज तिच्याच ओळखीचा नव्हता.

"कडं? तुझ्या कड्यासाठी मशीन बंद केलं? अगं, एका झटक्याला तुटतं ते." असं म्हणून त्यानं वैतागून टकळीच्या मनगटावरच्या कड्यात बोट घातलं आणि ओढलं.

कडं तुटलं नाही. टकळी तुटली असती. सगळी बाई हातासकट ओढली गेली आणि मुकादमाच्या अंगावर आदळली. त्यानं पुन्हा ओढलं, या वेळी हळू, बघायला म्हणून. सूत फाटलं आणि आतून तो चकाकणारा दोरा दिसला, टकळीच्या कातडीत रुतलेला.

ड्रायरही कुणीतरी बंद केले होते. त्या लाँड्रीत इतकी शांतता कुणी ऐकली नव्हती.

रफूवालीनं कात्री आणली. पहिल्यांदा दोरा पात्यावरून घसरला. दुसऱ्यांदा तुटला.

मग टेबलावरच्या एका बाईनं आपलं स्वतःचं कडं झटका देऊन तोडलं. तिच्या शेजारणीनंही तोडलं. कुणी गाठवालीकडे रागानं पाहिलं नाही. राग असता तर बरं होतं. त्या घाबरल्या होत्या. तिनं बांधलेल्या गाठीला घाबरल्या होत्या. कडी एकेक करून ओल्या फरशीवर पडली. प्रत्येक कडं जिथं तुटायला हवं तिथंच तुटलं होतं, पण आता त्याचं काय?

मुकादमानं दाराकडे बोट केलं. मग गाठवाली जागची हलत नाही असं पाहून टकळीला म्हणाला, "हिला बाहेर ने. बसव कुठंतरी. पाणी दे."

मागच्या अंगणात मळक्या चादरींची ढकलगाडी होती. दोघी तिच्या काठावर बसल्या. टकळीच्या मनगटाभोवती लाल वळ उठला होता. टकळी गप्प आहे याचीच गाठवालीला आता भीती वाटायला लागली.

"मी थट्टा केली होती गं," शेवटी टकळी म्हणाली.

"माहीत आहे."

"मग?"

गाठवालीनं टकळीचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट चाचपायला लागली. अंगठा, तर्जनी, मधलं. प्रत्येक बोट पेरापेरानं. शेवटपर्यंत गेली आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.

"तेवढीच आहेत," टकळी म्हणाली. "जास्तीचं नाही निघणार."

गाठवालीची बोटं थांबेनात. टकळीच्या नाकातून पाणी यायला लागलं होतं, आणि ते रडणं आहे हे तिला कबूल करायचं नव्हतं.

"सोड बये. मला नाक पुसायचंय."

"दुसऱ्या हातानं पूस," गाठवाली म्हणाली, आणि सोडला नाही.