बायकांच्या खोलीतला कालचा पेपर

धुळ्याच्या आमच्या वाचनालयात बायकांना पेपर दुसऱ्या दिवशी मिळायचा. हे सांगितलं की आजकालच्या पोरी हसतात, त्यांना वाटतं मी तिखटमीठ लावून सांगते. तिखटमीठ कशाला लावू? मुळात होतंच ते तसं. पुढचा मोठा हॉल पुरुषांचा. मागे पाण्याच्या माठाशेजारी पडदा लावलेली खोली, तो महिला विभाग. सकाळी आलेले पेपर दिवसभर पुढे फिरायचे आणि संध्याकाळी शिपाई ते गोळा करून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच आमच्या खोलीत यायचे. कोपरे चहाने भिजलेले, शब्दकोडं पेनाने सोडवलेलं आणि तेही चुकीचं!

मी तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते. गावात टीव्हीच्या अँटेना नव्या नव्या दिसायला लागल्या होत्या, पण आमच्या घरी साधा पेपरही येत नव्हता. वडील एस.टी.च्या डेपोत होते. माणूस सरळ, पण शब्दाचा पक्का. "अखाजीपर्यंत नोकरी लागली तर कर, मी आड येणार नाही. नाही लागली तर भुसावळच्या लोकांना होकार कळवायचा," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. अखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. मुलगा वाईट नव्हता, रेल्वेत होता. पण मला नोकरी करायची होती. स्वतःची खोली, स्वतःचं कुलूप. एवढंच डोक्यात होतं आणि त्यासाठी मी रोज दुपारी पडद्यामागे जाऊन 'पाहिजेत'चं पान शोधत होते.

पुढच्या हॉलमध्ये काय चालायचं ते पडद्याच्या फटीतून सगळं दिसायचं. कोर्टाच्या तारखेला आलेले साक्रीकडचे लोक पंख्याखाली बसायचे. दुपारची शिफ्ट असलेला कंडक्टर डोळ्यांवर पुरवणी टाकून घोरायचा. कपाशीचे भाव वाचायला व्यापाऱ्यांचे मुनीम यायचे. त्यांचं मला काही वाटत नव्हतं, सावली काय आणि भाव काय, गरज असते माणसाला. डोक्यात तिडीक जायची ती रोजच्या मानकऱ्यांमुळे. ही पेन्शनवाली मंडळी दार उघडायच्या आधीच पायरीवर हजर. आत शिरले की पेपरची पानं सुटी करायची, एक हातात धरायचं आणि उरलेली मांडीखाली दाबून बसायचं. दुसरा कुणी मागायला आला तर, "वाचतोय ना!" अहो, मांडीने वाचता का?

या सगळ्यांत वजनदार म्हणजे एक नाना. कचेरीतून निवृत्त झालेले, पांढरंशुभ्र धोतर, वडिलांच्या चांगल्या ओळखीचे. ते आले की शिपाईसुद्धा उठून उभा राहायचा.

आमच्याकडे येणाऱ्या पेपरांना अधूनमधून भोकं असायची, चांगली चौकोनी. शिपायाला विचारलं तर म्हणे उंदीर. मीही बावळट, ऐकून घेतलं. पण एके दिवशी 'पाहिजेत'च्या पानावरचं भोक जरा तिरकं पडलं होतं. वरची एक पट्टी शिल्लक राहिली होती आणि तिच्यावर ठळक अक्षरात 'जळगाव' आणि त्याच्यापुढे 'मुलींच्या वसति' एवढंच वाचता येत होतं. पुढचं सगळं गेलेलं.

मी ती पट्टी पुन्हा पुन्हा वाचली. मुलींच्या वसतिगृहात म्हणजे बाईलाच घेणार, दुसरं कोण? मी शिपायाला गाठलं आणि म्हणाले, "उंदीर बी.ए. झालेत का तुमचे?" तेव्हा तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "ताई, नाना कापतात. त्यांच्या भाच्यासाठी. चष्म्याच्या डबीत अर्धं ब्लेड असतं त्यांच्या. बठ्ठासले माहीत शे."

सगळ्यांना माहीत! वाचनालयाच्या चिटणीसांना माहीत, मानकऱ्यांना माहीत, कंडक्टरला माहीत. माहीत नव्हतं ते फक्त पडद्यामागच्या आम्हाला. आणि 'पुस्तकांची पाने फाडू नयेत' ही पाटी होती नेमकी कुठे? आमच्या खोलीत.

नाना तेव्हा लग्नाला पिंपळनेरला गेलेले. मी वडिलांना म्हटलं, डेपोत बघा तो पेपर मिळतो का. ते म्हणाले, "त्यावर कुणी भजी खाल्ली असतील. आणि असेल काहीतरी किरकोळ, तू एवढं मनाला लावून घेऊ नको." मी पेपर विकणाऱ्याकडे गेले, तर उरलेले अंक केव्हाच परत गेले होते. तोच पेपर सलूनमध्ये असेल, हॉटेलात असेल, पण तिथे मी जाऊन बसायचं का? गावाने लगेच वडिलांना गाठलं असतं.

नाना परतल्याचं कळलं त्या दिवशी मी पडदा बाजूला केला आणि सरळ पुढच्या हॉलमध्ये गेले. सगळे पेपर एकदम खाली आले. इतकी माणसं एकाच वेळी पेपरातून तोंड वर काढताना मी पहिल्यांदाच बघितली.

"काय वं पोरी, तू आठे कशी?" नाना म्हणाले. "तुना बाप कोठे शे?"

"वडील ड्यूटीवर आहेत. नाना, जळगावच्या वसतिगृहाची जाहिरात तुम्ही कापली. ती मला द्या."

हॉलमध्ये कुणी तरी खाकरलं. नाना जराही शरमले नाहीत. कोटाच्या खिशातून कात्रणांचा गठ्ठा काढला, चष्मा लावला आणि एकेक लांब धरून बघू लागले. माझं कात्रण सापडलं. ते त्यांनी वाचलं, पहिल्यांदाच वाचलं, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ही तर अधीक्षिकेची जागा आहे. फक्त महिलांसाठी. आमच्या भाच्याच्या काय कामाची?"

"मग कापलीत कशाला?"

"आधी कापून ठेवतो. वाचायचं घरी निवांत. इथे का वाचत बसू? चार लोक बघतात."

मला हसू यावं की रडू, काही कळेना. वाचनालयात येऊन हा माणूस कापायचा आणि वाचायचा घरी! कात्रण हातात घेतलं. पदवीधर महिला, राहण्याची सोय, सगळं माझ्यासाठीच लिहिल्यासारखं. आणि खाली अर्ज पोचण्याची शेवटची तारीख. ती आदल्या दिवशीच उलटली होती.

"जाऊ दे गं," नाना म्हणाले, "लग्न होणारे ना तुझं? कमावत्या पोरांच्या तोंडचं कशाला पळवतेस?" त्या हॉलमधल्या एकानेही त्यांना टोकलं नाही. मी काहीबाही बोलले, आवाज चढला आणि चिटणीसांनी हात धरायचा तेवढा बाकी ठेवून मला बाहेर काढलं.

रात्री वडिलांनी ते कात्रण वाचलं. मग म्हणाले, "सकाळी जाऊन विचारू तर खरं." दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते मला घेऊन जळगावच्या गाडीत बसले.

वसतिगृहाच्या बाई सभ्य होत्या. बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "काल संध्याकाळीच जागा भरली. अहो, अर्जच एक आला. तोच घेतला, काय करणार?" मग माझ्याकडे न बघता वडिलांना विचारलं, "धुळ्याहून तर एकही नाही. तुमच्याकडच्या मुलींना नोकरी नकोच असते का हो?"

वडिलांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "बाई, आमच्यापर्यंत जाहिरात पोचलीच नाही."

"असं कसं? पेपरात दिली होती की."

परतीची गाडी पारोळ्याला थांबली. वडील म्हणाले, "अखाजी तोंडावर आली. भुसावळला कळवतो मग." मी म्हणाले, "कळवा. पण नानांना बोलावलंत तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही."

नानांना बोलावणं गेलं. न बोलावून कसं चालेल, गावात राहायचंय आपल्याला, असं आई म्हणाली. नाना भाच्याला घेऊन आले, पहिल्या पंगतीला बसले, बट्टीवर दोनदा तूप मागून घेतलं आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सुखी राहा, पोरी." आणि मी वाकून नमस्कार केला.