एका बांधावरचे नाकतोडे

कॉलेजातल्या एक बाई आमच्या बांधावर नाकतोडे काय खातात ते वहीत लिहितात. मी म्हणालो, “अहो, दिसेल ते खातो नाकतोडा!”

“आजोबा, बसून बघा.”

ईर्ष्येनं सकाळभर बसलो. हिरवा नाकतोडा गवताची पातीच खायचा, तपकिरी मात्र पाती सोडून झुडपाचा पाला. म्हणून एका बांधावर सुखानं नांदतात.

वाटलं, आमचंही तसंच. इतकी वर्षं भाकरीचा पापुद्रा मी खातो, खालचा जाड भाग बायको. कधी भांडण नाही. तरी दुपारी जेवताना विचारलं, “तुला खालचाच आवडतो ना?”

“आवडतो कसला! तुमचा उरतो म्हणून खाते.”

मी पापुद्रा सोलून तिच्या ताटात ठेवला आणि बघत बसलो. आधी ती त्याची करपलेली कड मोडून खाते. हे मला ठाऊकच नव्हतं.