इंग्लिश सरायमधला बेपत्ता

नोकरी संपली, वर्दी उतरली. पण मिसिंगची एक तक्रार अजून मनातून जात नाही.

मी तेव्हा कोकणातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. शेजारणीचा हात धरून एक अंध म्हातारी आली. "साहेब, मुलगा दुबईला आहे. रोज फोन करायचा. आता नुसते मेसेज येतात, ही वाचून दाखवते. माझा मुलगा असा गप्प राहायचा नाही. त्याचं कुणीतरी बरंवाईट केलंय."

मुलगा दुबईच्या ‘बर दुबई’ भागातल्या एका इंग्लिश सरायमध्ये बारच्या काउंटरवर होता. त्याच्या नंबरवर फोन केला की त्याचा गाववाला उचलायचा. तो तिथलाच कुक. उत्तर ठरलेलं: "ड्युटीवर आहे." मग दुबईहून सुट्टीवर आलेल्या एकाने खबर दिली, की मुलगा कित्येक महिने काउंटरवर दिसलेला नाही. संशय बळावला.

परदेशात आमचा अधिकार चालत नाही. दूतावासाकडे रीतसर पत्र गेले. त्याच सुमारास मी रजेवर दुबईतच, करामा भागात लेकीकडे जाणार होतो. वरिष्ठांना सांगितले, गिऱ्हाईक म्हणून पाहून येतो.

इंग्लंडच्या खेड्यातली सराय तिथे हुबेहूब उभी होती. काळपट तुळया मालकाने म्हणे तिकडूनच जहाजाने आणलेल्या. खाली बिअर आणि जेवण, वर मुक्कामाच्या खोल्या. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत दिखाऊ शेकोटी पेटलेली.

कुकला बाहेर बोलावले. "साब, वो ड्यूटी पे है," त्याने सुरुवात केली.

"मराठीत बोल. मी तुमच्याच तालुक्याच्या ठाण्यातून आलोय. तुला अटक करायचा मला इथे अधिकार नाही. पण म्हातारीने खुनाचा संशय सांगितलाय."

गुन्हेगार अशा वेळी आधी चाचपतो, पोलिसाला किती माहीत आहे ते. याने विचारले, "म्हातारी नीट जेवते ना?" तिथेच माझा तपास फिरला.

"तो कुठे आहे?"

"वर," तो म्हणाला आणि रडू लागला.

वरच्या मजल्यावर मुलगा चादरी बदलत होता. गळ्याला रुमाल. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढले होते. मालकाने खोल्यांचे काम देऊन त्याला ठेवून घेतले होते. मी कोण ते कळल्यावर त्याने मोबाइलवर टाइप करून दाखवले: "आईला माझा चेहरा दिसत नाही. तिच्यासाठी मी म्हणजे माझा आवाज. तो गेला, हे कसं सांगू?"

"ती तुला मेलेला समजून बसलीय रे," मी म्हणालो.

तो पलंगावर बसला. खांदे गदगदत होते आणि खोलीत जराही आवाज नव्हता.

माझ्या पाठोपाठ तोही गावी आला. मी त्यांच्या घरी हजर होतो. आईने त्याचा चेहरा चाचपला, कान, खांदे. हात गळ्यापाशी आला आणि थांबला. "बोल ना रे बाबा." त्याने तिचा तळवा आपल्या छातीवर दाबून धरला. ठोके तिच्या तळव्याला लागत होते. मग म्हणाली, "हाच."

आजार आत पसरलेला होता. तो फार जगला नाही.

खोटे कुणाच्या फायद्याचे ते शोधा, असे खात्यात आम्हाला शिकवतात. हे खोटे कुणाच्याच फायद्याचे नव्हते. मायेपोटी बोललेले होते. पण मायेनेही माणूस लुटला जातो, हे मी तिथे शिकलो. तो गेल्यावर भेटायला गेलो, तेव्हा म्हातारी एवढेच म्हणाली, "मुका तर मुका, साहेब. मला विचारायचं तरी!"