अस्कालेचं ना हरकत पत्र

मला लिहिण्याची सवय नाही. अबू धाबीत एकतीस वर्षं टाइपिंगच्या दुकानात बसून लोकांचे अर्ज टंकले, पण त्यात माझं स्वतःचं वाक्य एकही नसायचं. अस्कालेबद्दल मात्र कुणीतरी लिहायला हवं, आणि तिच्या गोष्टीतली चूक माझी आहे, म्हणून मीच लिहितो.

अस्काले इथिओपियाची, गोंदारकडची. इथल्या एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात ती एकोणीस वर्षं काम करते. उंची बेताची, आवाज मात्र तीन मजले चढून जाणारा. नोकरी बदलायची, खोली घ्यायची, गाडी शिकायची, प्रत्येक वेळी कुणाचं तरी ना हरकत पत्र लागे आणि ते मी टंकत असे. "काका, जगाची हरकत नाही म्हणून मी जिवंत आहे," असं म्हणून ती हसायची.

तिच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करायला नेपाळचा खिमबहादूर गुरुंग यायचा. एकदा तिनं त्याला कॉफी दिली. एक कप पिऊन तो निघाला, तशी ती जिन्यातून ओरडली, "अरे ए! आमच्याकडे तीन कप असतात. पहिल्यावरच उठलास तर घरावर रुसलास असं होतं!" तो मुकाट्यानं परत आला. पुढे लिफ्ट धडधाकट असली तरी येऊ लागला.

लग्न करायचं ठरलं, पण लावणार कोण? तिच्या चर्चला बाप्तिस्मा न झालेला नवरा चालेना. त्यानं धर्म बदलावा हे तिलाच नको होतं. "पसंत केला तो आहे तसा. नंतर रंग देऊन कशाला घेऊ?" दोघांचे देश वेगळे, त्यामुळे वकिलातींनीही हात वर केले. अशात इथं मुसलमान नसलेल्या परदेशी लोकांसाठी नागरी विवाहाचं न्यायालय सुरू झालं. दोघं धावतच माझ्याकडे आली.

"काय काय लागेल, काका?"

मी तोवर निकाहाचेच अर्ज टंकत आलो होतो. तिथं मुलीच्या बाजूनं वडील किंवा भाऊ लागतो. नवा नियम वाचायची तसदी न घेता मी मोठ्या रुबाबात सांगून टाकलं, "पासपोर्ट, ओळखपत्र, आणि वडिलांची नाहीतर भावाची ना हरकत."

वडील वारले होते. राहिला गावी असलेला धाकटा भाऊ गिर्मा, ज्याला तिनं कडेवर खेळवलेलं. दर रविवारी ती त्याला फोन करी. "ताई, तो आपल्यातला नाही. मी सही करणार नाही," एवढंच उत्तर. असे सात महिने गेले.

शेवटी खिम मला हळूच म्हणाला, "काका, तुम्हीच टंका ना पत्र. सही मी ठोकतो."

अस्कालेनं ऐकलं. "लग्नाचा पहिलाच कागद खोटा? खबरदार!"

"मग काय म्हातारे होईपर्यंत कॉफी पीत बसायचं?"

"मग पत्राशिवाय जाऊ. नाही म्हणायचं असेल तर न्यायाधीशानं माझ्या तोंडावर म्हणावं."

मी अर्ज भरला. भावाच्या पत्राचा रकाना शोधशोध शोधला. सापडला नाही. वाटलं, आपलीच नजर अधू झाली.

त्या दिवशी ती जरीकाठाचं पांढरं वस्त्र पांघरून आली, खिम रंगीत टोपी घालून. साक्षीदार म्हणून मी कोट चढवला होता. दारातल्या कारकून मुलीनं विचारलं, "आपण कोण?"

"साक्षीदार."

"साक्षीदार लागत नाहीत. आलाच आहात तर बसा."

आत न्यायाधीशांनी अस्कालेला विचारलं, "आधीचं लग्न?"

"नाही."

"या माणसाशी लग्न करायला तू राजी आहेस?"

अस्कालेनं जाडजूड फाइल उघडली. "साहेब, बालवाडीची हरकत नाही, हे पत्र. घरमालकाची नाही, हे पत्र. भावाचं नाही. तो देत नाही, आणि खोटं मी आणलं नाही."

माझ्या कॉलरखाली घाम फुटला. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"वय काय तुझं?"

"त्रेचाळीस."

"मग भावाला कशाला विचारत बसलीस? इथं तुझ्या लग्नाला तुझी सही लागते. ती फाइल मीट."

"फक्त माझी?"

"तुझी आणि याची. आता यालाही विचारू, की बोलूच देणार नाहीस?"

खिम हसत म्हणाला, "साहेब, मी केव्हाचा राजी आहे."

अस्कालेनं स्वतःचं, बापाचं आणि आजोबांचं अशी तिन्ही नावं लिहिली. पेन इतकं दाबलं की टेबलावर ठसा उमटला असेल.

बाहेर आल्यावर तिनं कमरेवर हात ठेवले. "काका! सात महिने!"

"चुकलं बाई माझं." मला मान वर करवेना.

"चुकलंच. चला, शिक्षा म्हणून तीन कप."

तिच्या खोलीत दुसरा कप चालू असताना गिर्माचा फोन आला. आवाज उतरलेला. "ताई, फार विचार केला. पाठवतो पत्र."

"नको रे. झालं लग्न."

"कुणाच्या परवानगीनं?"

"माझ्या!" तीन मजल्यांना ऐकू गेलं असेल. जिन्यात कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

गिर्मा म्हणाला, "मग मी काय पाठवू?"

"कॉफी पाठव. भलीमोठी पिशवी. असं लग्न कसं करायचं ते विचारायला इमारतभरच्या बायका येताहेत, आणि प्रत्येकीला तीन कप लागतात."